कमरेचा पट्टा : आधार किती, समजूत किती?

पाठदुखी आणि वरोरा यांचा उल्लेख एकत्र झाला, की बाबा आमटे यांचे नाव आठवणे स्वाभाविक आहे. आनंदवनच्या उभारणीत आयुष्य वेचणाऱ्या बाबांना मणक्याच्या विकारामुळे पुढे बसणेच अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच पर्याय उरले. त्याच अवस्थेत सत्तरीत त्यांनी १९८५च्या डिसेंबरमध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान सुरू केले. अशी जिद्द अपवादात्मकच. परंतु कमरेचे दुखणे अपवादात्मक नाही. कोळसा खाणीतील कामगार, कापूस वेचणाऱ्या आणि सोयाबीन कापणाऱ्या स्त्रिया, खडबडीत रस्त्यांवर दिवसभर गाडी हाकणारे चालक यांच्यापैकी अनेकांचा पहिला उपाय औषधाच्या दुकानातला पट्टा हाच असतो.

हा पट्टा नेमके काय करतो? डोळे मिटले तरी आपण वाकलो आहोत की ताठ आहोत, हे माणसाला कळते. स्नायू, सांधे आणि त्वचेतील संवेदक मेंदूला सतत खबर देत असतात. कानातील तोलयंत्रणा, डोळे आणि तळपाय त्यात भर घालतात. पाठ दुखणाऱ्या अनेकांमध्ये कमरेकडून येणारी ही खबर काहीशी अस्पष्ट झालेली आढळते. पट्टा किंवा चिकटपट्टी त्वचेवर ताण देते, माणूस वाकताच तो ताण बदलतो आणि मेंदूला एक जादा इशारा मिळतो. पट्ट्याने बरे वाटते ते यामुळेही असू शकते. मात्र हा परिणाम अल्प असतो, आणि ज्यांची जाणीव मुळात शाबूत आहे त्यांना त्याचा फारसा लाभ दिसत नाही. जपानमध्ये केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर पोचलेली रंगीत टेपही याच मर्यादेत मोडते.

तोलाचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. पाय घसरला, की माणूस कंबर आणि धड झटकन हलवून स्वतःला सावरतो. ताठ पट्टा नेमकी हीच हालचाल रोखतो. वृद्धांच्या बाबतीत याचा विचार व्हायलाच हवा.

पट्टा बांधला म्हणजे ओझे उचलायला मोकळीक, ही समजूत तर अधिकच घातक. अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीतील ९ हजारांहून अधिक कामगारांची पाहणी २०००मध्ये प्रसिद्ध झाली. नियमित पट्टा वापरणाऱ्यांमध्ये पाठीच्या दुखापती कमी झाल्याचे तीत आढळले नाही. पट्ट्याने स्नायू हमखास दुबळे होतात, या प्रचलित आक्षेपालाही ठोस आधार नाही, हेही नमूद करायला हवे. पट्टा सर्वत्र निरुपयोगी आहे, असेही नव्हे. वाढत्या वयातील मुलांच्या कण्याला बाक येत असेल, तर कडक पट्टा खरोखर उपयोगी पडतो. २०१३मधील एका अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत वाढला नाही. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पण तो मापाने बनवलेला आणि रोज कित्येक तास घालायचा पट्टा होता, दुकानातून उचललेला नव्हे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या चर्चेला आणखी एक पदर आहे. देशपातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट २००५च्या अखेरीस गाठल्याचे जाहीर झाले. तरी या जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही आढळतात. कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित होऊन तळपायाची संवेदना जाते. मग पाऊल कुठे आणि कसे पडते, हे पायाला कळत नाही. ते काम डोळ्यांना करावे लागते, आणि अंधारात तेही साधत नाही. ज्या त्वचेला दुखणेच कळत नाही, तिच्यावर आवळलेला पट्टा किंवा टेप तासन्‌तास काचत राहिली तरी रुग्ण ती सोडवत नाही. जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून हेच पुढे आले होते : रुग्णांची बोटे आणि पावले झिजतात ती बव्हंशी वेदनेचा इशारा हरपल्यामुळे.

म्हणूनच अशा रुग्णांना मऊ रबराच्या, एमसीआर चपला दिल्या जातात आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासण्यास सांगितले जाते. कमरेचा पट्टा विकताना मात्र ग्राहकाच्या त्वचेला संवेदना आहे की नाही, हे दुकानात कोणी विचारत नाही.