जरा स्थिर बसाल का?

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढणारे चित्रकार बसतात. आपण सगळे त्यांच्यासमोरून जातो. दोन मिनिटं थांबतो, कोणाचं तरी नाक बरोबर जमलंय की नाही यावर कॉमेंट मारतो आणि कॉफी प्यायला निघतो. स्वतः काही बसत नाही. गेल्या शनिवारी मी बसले. खरं सांगते, कॉलमला विषय हवा होता, म्हणून!

बसले आणि सवयीने हसले.

"मॅडम, हसू नका."

का बुवा? तर म्हणे, "हसू वीस मिनिटं टिकत नाही. दोन मिनिटांत गाल दुखायला लागतात. मग चेहऱ्यावर राहतं ते हसू नसतं."

एकदम पटलं. कॅमेऱ्याला क्षण पुरतो, म्हणून आपल्याकडे 'से चीज'वाले शेकडो फोटो असतात. समोर कागद आणि चारकोल घेऊन माणूस बसला की मात्र नाटक संपतं. पाच मिनिटांनी हसू जातं, दहा मिनिटांनी पोट आत ओढायचं विसरतो, पंधराव्या मिनिटाला डोक्यात उद्याची डेडलाइन सुरू होते. आणि नेमका तेव्हाच तो तुमचा चेहरा पकडतो.

चित्र हातात आलं आणि मी ओरडलेच, "ही मी नाहीच! ही आई आहे!" ओठ घट्ट मिटलेले, भुवया किंचित वर. गॅसचं बिल बघताना आई दिसते ना, अगदी तश्शी.

तो हसला. म्हणाला, "तुम्ही निदान समोर तरी बसलात. माझी बरीचशी कामं फोटोवरून असतात. आणि फोटोतलं माणूस बहुतेक वेळा गेलेलं असतं. वर्षश्राद्धाच्या आत फ्रेम हवी असते. एखाद्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून आणतात. चष्म्यावर फ्लॅश चमकलेला, डोळे दिसतच नाहीत. घरचे म्हणतात, डोळे जरा त्यांच्यासारखे काढा. मी विचारतो, कसे होते डोळे? मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. चर्चगेटपासून घरापर्यंत ट्रेनमध्ये मी एकच खेळ खेळले. डोळे मिटायचे आणि आईचा चेहरा आठवायचा. चष्म्याची फ्रेम आठवली, टिकली आठवली, आवाज तर आठवलाच आठवला. पण डोळ्यांचा रंग? काळे की तपकिरी? करा ट्राय तुम्हीपण. वाटतं तेवढं सोपं नाही.

घरी येऊन चित्रकारांवरची पुस्तकं काढली, तर एक गंमत सापडली. आपल्याकडची कितीतरी गाजलेली पोर्ट्रेट्स कुठल्या राजाची किंवा शेठजींची नाहीतच. ती घरच्या माणसांची आहेत!

हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड... ती बाई तुम्ही कॅलेंडरवर किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात नक्की पाहिली असणार. लोक बेधडक सांगतात, राजा रवि वर्मा! चूक. ते चित्र सावळाराम हळदणकरांचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. गीता उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात वारल्या.

आणि ते चित्र जलरंगातलं आहे, हं! जलरंगात उजेड बाहेरून लावता येत नाही. कागदाचा पांढरेपणा असतो तोच उजेड. तो आधीपासून राखायचा आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. एकदा जास्त गडद झालं की झालं. म्हणजे ब्रश टेकवण्याआधी मुलीच्या बोटांवर उजेड नेमका कुठे पडतो, ते बापाला ठाऊक असायला हवं.

दुसरे वासुदेव कामत. अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड प्राइज त्यांना २००६ साली मिळाला. कुठल्या चित्राला? 'माय वाइफ'! जगभरचे पोर्ट्रेटवाले स्पर्धेत उतरलेले आणि बक्षीस बायकोच्या चित्राला. नवरेमंडळी, ऐकताय ना?

तैलरंगाचं गणित वेगळं. रंग सावकाश वाळतो, त्यामुळे आज काढलेला ओठ उद्या खरवडून पुन्हा काढता येतो. चित्रकार घाईने मत बनवत नाही. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक स्त्रीवेशातलं आणि एक पुरुषवेशातलं. नाटकाला जाल तेव्हा आधी बटाटावड्याच्या रांगेत न घुसता ती शेजारी शेजारी बघा. माणूस तोच, पण त्याची किती रूपं!

शिल्पकाराला तर तुमची पाठमोरी बाजूही लागते. मातीत चेहरा घडवायचा, त्याचा साचा काढायचा आणि मग धातूत किंवा सिमेंटमध्ये ओतायचं. त्यामुळे मानेचा बाक, कानामागची जागा, काही लपत नाही. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरा, जवळच सासवणे गाव आहे. तिथे विनायक करमरकरांच्या राहत्या घरात त्यांची शिल्पं मांडली आहेत. पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे हेच करमरकर. पण सासवण्याच्या अंगणात आजूबाजूची साधी माणसं भेटतात. वीकेण्डला अलिबागला पळणाऱ्यांनी तिथे एक तास द्यायला हरकत नाही.

आणि दिवाळीतली पोर्ट्रेट रांगोळी? चिमटीतून रंग सोडत रात्रभर वाकून काढलेला चेहरा, चार दिवसांनी कुंच्याने झाडून टाकायचा. तरी काढतातच ना!

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी आईला फर्मान सोडलं, रविवारी काळा घोडा. उत्तर अपेक्षितच होतं. "आमचं कसलं आलंय पोर्ट्रेट? मी काय मंत्री आहे? आणि मेल्यावर करायचंच आहे की तुम्हाला!"

म्हटलं, "मेल्यावर तू वीस मिनिटं बसशील का?"

आली. ठेवणीतली साडी नेसून, पर्समध्ये कंगवा घेऊन. स्टुलावर बसली आणि पहिली पाच मिनिटं चित्रकारालाच त्याचं गाव, मुलं, जेवणाचा डबा सगळं विचारून झालं. मग हळूहळू गप्प झाली. मी त्याच्या मागे उभी. करायला काही नव्हतं, म्हणून बघत राहिले. किती वर्षांनी, कोण जाणे.

डोळे तपकिरी आहेत. डावा उजव्यापेक्षा जरासा लहान. आणि डाव्या भुवईत केस नसलेली एक बारीक रेघ. चित्रकाराने ती बरोबर सोडली होती.

"आई, हे कधी लागलं गं?"

"तू दीड वर्षाची होतीस. भात नको म्हणून पितळी वाटी फेकलीस. तीन टाके पडले."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"हलू नका, मावशी," चित्रकार म्हणाला.

आणि आई ओठ घट्ट मिटून पुन्हा स्थिर बसली.