नोंद मिटते, दोष उरतो

एखादे उपकरण नादुरुस्त असतानाही प्रवासी विमान आकाशात झेप घेते, हे ऐकून सामान्य माणूस दचकेल. पण त्यात मुळातच काही गैर आहे असे नव्हे. कोणते उपकरण बंद असताना, किती दिवस व कोणत्या अटींवर उड्डाण करता येईल याची यादी ठरलेली असते. आपल्याकडे तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. काही दोषांना ३ दिवसांची, काहींना १० तर काहींना १२० दिवसांची मुदत मिळते. खरा धोका मुदत मागणाऱ्या दोषात नाही. रोज दुरुस्त होणाऱ्या आणि पुन्हा उद्भवणाऱ्या दोषात तो आहे.

२८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरकडे निघालेले इंडोनेशिया एअरएशियाचे एअरबस विमान जावा समुद्रात कोसळून १६२ जण मृत्युमुखी पडले. वाढत्या वेगात शेपटीवरचे सुकाणू मर्यादेबाहेर वळू न देणारी त्यातील यंत्रणा त्या एका वर्षात २३ वेळा बिघडली होती. अखेरच्या तीन महिन्यांत तर बिघाडांमधले अंतर घटत चालले होते. बहुतेक वेळा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जाई, चाचणी ठीक येई आणि नोंद मिटे. कचेरीत काम करणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नसावा. प्रकरण निकालात निघते, तक्रार जिथल्या तिथे राहते. मूळ कारण होते झाळलेल्या सांध्याला गेलेला तडा.

हा बिघाड स्वतः प्राणघातक नव्हता. पण त्या दिवशी इशारा चौथ्यांदा वाजल्यावर संगणकाचा वीजपुरवठा उड्डाणातच तोडला गेला असावा, असे चौकशीत दिसून आले. तीन दिवसांपूर्वी जमिनीवर तंत्रज्ञाने हाच उपाय केलेला वैमानिकाने पाहिला होता. स्वयंचलित नियंत्रण सुटले, विमान कलंडले आणि वैमानिकांना ते सावरता आले नाही. त्यांची चूक नाकारण्याचे कारण नाही; परंतु त्या चुकीची वाट वर्षभराच्या अर्धवट दुरुस्त्यांनी तयार केली होती.

विमान जमिनीवर उभे राहिले की उत्पन्न थांबते, म्हणून भाग बदलण्यापेक्षा बटण दाबणे सोयीचे ठरते. तपासनिसांनी तेव्हा मिटलेल्या नोंदी मोजण्यात समाधान मानू नये. एकच दोष ठराविक वेळा उलटला, तर मूळ कारण सापडेपर्यंत विमान रोखण्याचा अधिकार देखभाल अभियंत्याला असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल वेळापत्रक सांभाळणाऱ्यांनी त्याला जाब विचारता कामा नये.