आठवड्याचें एक छायाचित्र

आवडलेली वस्तु एकट्यानेंच पाहून मनुष्याचें समाधान होत नाहीं. रानांत पिकलेलीं बोरें सांपडलीं तर पोर पहिलें बोर तोंडांत टाकतें आणि दुसरें मुठींत धरून सोबत्याकडे धांवतें. छायाचित्राचा छंद असलेल्यांची स्थिति याहून निराळी नाहीं. चित्र घेतलें, तें साधलें असें मनास वाटलें, कीं कोणाला तरी दाखविल्यावांचून चैन पडत नाहीं. आपल्या शाळेंतील कांहीं विद्यार्थी गेल्या वर्षापासून दर शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गांत बसतात. त्या आठवड्यांत काढलेल्या छायाचित्रांपैकीं आपणास सर्वांत आवडलेलें एकच चित्र प्रत्येकानें इतरांपुढें ठेवावें, असा त्यांचा नेम आहे. कॅमेरा एकाकडेच आहे. बाकीच्यांचें काम घरच्यांच्या मोबाइल फोनवर भागतें. ह्या बैठकींत मीही मधून मधून जाऊन बसतों, आणि अशा चित्रांच्या देवघेवीविषयीं माझें जें मत बनलें आहे तें ह्या अंकाच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडतों.

हा रिकामटेकडा उद्योग आहे, असें कित्येक पालकांस वाटतें. परीक्षेंत याला गुण नाहींत, हें खरेंच. पण ज्या मुलांनीं सोनगीरचा किल्ला जन्मापासून नुसता डोळ्यांखालून घातला, तीं आतां त्याच्या पडक्या तटावर ऊन केव्हां तिरपें येतें व वरच्या खोल विहिरींत दुपारीं किती प्रकाश उतरतो हें सांगूं लागलीं आहेत. पाहण्याची संवय लागली, हा फायदा मला थोडा वाटत नाहीं. आरंभीं आरंभीं किल्ल्यामागें मावळणारा सूर्य आम्हीं इतक्या शनिवारीं पाहिला कीं, शेवटीं सूर्यास्तास कांहीं दिवस रजा द्यावी असा ठराव करावा लागला! तेव्हां आक्षेप घ्यावयाचाच तर तो निराळ्या ठिकाणीं घेतला पाहिजे, आणि तें ठिकाण मला एका शनिवारीं दिसलें.

दिवाळीच्या सुटीनंतरची ती पहिलीच बैठक. दहावीच्या एका विद्यार्थ्यानें सोनगीरच्या एका वृद्ध तांबटाचें चित्र आणलें होतें. दारांतून आलेला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर पडलेला, कपाळावरच्या सुरकुत्या एकेक मोजून घ्याव्या अशा स्पष्ट, हातांत उगारलेला हातोडा आणि पुढें आरशासारखा लखलखणारा तांब्याचा हंडा. सर्वांनीं एकमुखानें "वाहवा" केली. मीही केली, हें येथें कबूल करणें भाग आहे. तांबटाच्याच घरांतला नववींतला एक मुलगा तेवढा कांहीं बोलेना. फार आग्रह केल्यावर तो म्हणाला, "सर, हंडा तर उजळून झाला आहे. आतां त्यावर हातोडा कशाला?"

वर्गांत सारें चिडीचूप झालें. चित्र काढणाऱ्यानें मग खरी हकीकत सांगितली. म्हातारबाबा कामावर नव्हतेच. ते ओट्यावर विडी ओढीत बसले होते. ह्यानेंच त्यांना आंत बसविलें, विकावयास ठेवलेला हंडा पुढें ओढला आणि हातोडा उचलावयास सांगितलें. "पण चित्र सुंदर आहेच कीं!" असें दोघातिघांनीं त्याची बाजू घेऊन म्हटलें.

चित्र सुंदर होतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु तांबटाचें काम ज्यानें पाहिलें आहे त्याला त्यांतली खोट तात्काळ कळते. तांब्याचा पत्रा ठोकूं लागलें म्हणजे माऱ्यानें तो ताठर होत जातो. तसाच ठोकीत राहिलें तर चिरतो. म्हणून तो पुन्हां भट्टींत तापवून मऊ करावा लागतो, पुन्हां ठोकावा लागतो. असें कितीदां तरी केल्यावर भांड्याला आकार येतो. मग भाग जोडावयाचे, मग मठार मारावयाचे, आणि भांडें उजळणें हें सर्वांच्या शेवटीं. उजळलेल्या भांड्यावर हातोडा उगारणारा तांबट म्हणजे कणसें मळून झाल्यावर रिकाम्या खळ्यावर पात धरून चालविणारा शेतकरी होय. आम्ही पंधरावीस जण तें चित्र डोळे भरून पाहत होतों आणि तें खोटें आहे हें आमच्यापैकीं फक्त एकाला दिसलें. कारण त्या चित्रांतला मनुष्य त्या एकाचाच होता.

येथें मला फार जुन्या काळची एक गोष्ट आठवते. हौशी मंडळींनीं एकत्र जमून आपापलीं छायाचित्रें एकमेकांस दाखविण्याची चाल ह्या देशांत प्रथम मुंबईंत पडली. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर यांची छायाचित्रणाची रीत जगजाहीर झाली, आणि त्यानंतर पंधराच वर्षांनीं, १८५४ त, मुंबईस 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' निघाली. कलकत्ता व मद्रास येथील अशा संस्था १८५६ सालच्या. म्हणजे ह्या बाबतींत मुंबई सर्वांच्या पुढें होती. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे ह्या पहिल्या हौशी मंडळींतलेच. त्या वेळचा छंद आजच्यासारखा खिशांत मावणारा नव्हता. कांचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली आहे तोंवरच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि ओली आहे तोंवरच अंधारांत नेऊन धुवावयाची. मुंबईच्या उकाड्यांत हें सारें किती झटपट उरकावें लागत असेल! इतक्या खटाटोपानें मिळालेलें चित्र चार जाणत्यांपुढें मांडावें असें कोणास वाटणार नाहीं?

पुढें ह्या मंडळींच्या वर्तुळांतून एक मासिक उपक्रम निघाला. जॉन्सन व हेंडरसन ह्या दोघांनीं १८५६ ते १८५८ पर्यंत 'इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नांवाची माला चालविली. तिच्या प्रत्येक अंकांत तीन छायाचित्रें असत. छापलेलीं नव्हेत, तर कागदावर उतरवून चिकटविलेलीं, आणि सोबत माहितीचा मजकूर. मुंबईंतील निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक हा ह्या चित्रांतला एक मोठा विषय होता. चित्राखालीं नांव असे तें बहुधा जातीचें अथवा धंद्याचें. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचें नव्हे. जॉन्सननें ह्याच धर्तीवर पुढें १८६३ व १८६६ सालीं दोन खंडांचें पुस्तक काढलें. सरकारच्या आश्रयानें १८६८ ते १८७५ ह्या काळांत 'दि पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ झाला, त्यांतही माणसें 'नमुने' म्हणूनच उभीं आहेत.

त्या हौशी लोकांची मेहनत मी कमी लेखीत नाहीं. त्यांच्यामुळेंच त्या काळच्या पोशाखांचें व चेहऱ्यांचें कांहीं तरी शिल्लक राहिलें. पण एक गोष्ट मनाला लागते. दाखविणारे आणि पाहणारे सारे वर्तुळाच्या आंत, आणि ज्याचें चित्र तो मात्र बाहेर. 'हें माझ्यासारखें नाहीं', 'पगडी अशी बांधीत नाहींत', 'हें हत्यार आम्ही असें धरीत नाहीं', असें सांगावयास त्या बैठकींत कोणी नव्हता. आमच्या शनिवारच्या बैठकींत तसा एक मुलगा योगायोगानें होता, एवढाच काय तो फरक! तो नसता तर आम्हीही दीडशें वर्षांपूर्वींच्या त्याच वाटेनें गेलों असतों, आणि वर स्वतःच्या रसिकतेवर खूष झालों असतों.

म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, आठवड्याला चित्रें दाखविण्याचा नेम ज्यांनीं धरला त्यांनीं त्याला आणखी एका नेमाची जोड द्यावी: ज्याचें चित्र, त्याला तें प्रथम दाखवावें, आणि त्याची इच्छा असेल तर त्याला बैठकींत मानानें आणून बसवावें. तेथें तो नाहीं म्हणाला तर तें चित्र मागें घेण्याचीही तयारी हवी. हें जड जाईल, कारण आवडतें चित्र मागें घेणें म्हणजे पानांतला लाडू परत डब्यांत टाकणें. पण ओळखीचें न पाळखीचें माणूस आपल्यासमोर घटकाभर स्वस्थ बसतें, हा त्याचा आपल्यावर उपकार आहे. आपला त्याच्यावर नव्हे.

एकच चित्र निवडण्याचा जो नियम मुलांनीं केला आहे तो मात्र मला सर्वस्वीं मान्य आहे. आमच्या लहानपणीं घरांत 'आग्फा क्लिक' असे, आणि एका फिल्मवर बारा चित्रें निघत. बाराच्या वर तेरावें हवें तर पैसे मोजावे लागत, म्हणून निवड कॅमेऱ्याला डोळा लावण्यापूर्वींच होई. आतां एका सकाळीं शंभर चित्रें काढतां येतात, तेव्हां ती काटकसर आपण होऊन करावी लागते. विलायतेंतील हौशी मंडळींत चित्रांची पेटी टपालानें एकाकडून दुसऱ्याकडे फिरविण्याची चाल होती. प्रत्येकानें आपलें चित्र तींत घालावयाचें, इतरांच्या चित्रांवर आपला अभिप्राय लिहावयाचा आणि पेटी पुढें पाठवावयाची. आपल्याकडील शाळांतून हस्तलिखित मासिकें जशीं हातोहात फिरत, तसाच हा प्रकार. अभिप्राय शाईनें लिहावयाचा म्हटलें म्हणजे मनुष्य जरा विचार करतो. नुसता अंगठा उंच करून दाखविणें यास अभिप्राय म्हणत नाहींत.

कोणी म्हणेल, उत्तम चित्र बैठकींतून निर्माण होत नाहीं, तें एकांतांत होतें. चार जणांना विचारीत बसणाऱ्याची दृष्टि चौघांसारखीच होऊन जाते. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं, कारण त्याचा पुरावा आपल्या खानदेशांतच आहे. चाळीसगांवचे केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनीं रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरांत जवळजवळ पन्नास वर्षें काढलीं आणि त्या काळांत क्वचितच उंबरठा ओलांडला. मेजावर लहानसहान वस्तु मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून, त्यांतून डोंगर आणि निसर्गदृश्यें उभीं करण्यांत त्यांचा हातखंडा होता. हें सारें त्यांनीं साप्ताहिक मंडळावांचूनच केलें. त्यांचें तें घर आज कलादालन म्हणून पाहावयास मिळतें. ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं चाळीसगांवास अवश्य उतरावें.

परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाहीं. मूस घरांत राहिले, त्यांचीं चित्रें राहिलीं नाहींत. तीं देशोदेशींच्या प्रदर्शनांस गेलीं आणि तेथें त्यांनीं बक्षिसें मिळविलीं. एवढ्या एकांतप्रिय कलावंतालाही दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज भासलीच. आणि दुसरें असें कीं, मेजावरच्या जगाचा मालक तो मांडणाराच असतो. खडा म्हणत नाहीं, कीं मला डोंगर कां केलेंस? माणसाला तसें म्हणण्याचा अधिकार आहे. मूस यांचा एकांत मेजावरच्या चित्रांस शोभतो; शेजाऱ्याचें चित्र काढणाऱ्यानें त्याचा दाखला देऊं नये.

आतां त्या तांबटाच्या चित्राचें पुढें काय झालें तें सांगतों. विद्यार्थी मनाचा खरा. तो तें चित्र घेऊन म्हातारबाबांकडे गेला. त्यांनीं तें दूर धरून, जवळ धरून पाहिलें आणि "तयार हांडावर कोन हातोडा मारस, भाऊ?" असें म्हणून ते मनमुराद हंसले. मग भट्टी पेटेल त्या दिवशीं ये, असें त्यांनीं त्याला बजावलें. तो एकदां नव्हे, चारपांच वेळां गेला. पहिल्या खेपेस तर कॅमेरा पिशवींतून बाहेरही काढला नाहीं म्हणे.

पौषांत, लग्नसराईची घाई नसतांना, म्हातारबाबा एका शनिवारीं नातवाबरोबर शाळेंत आले. वहाणा दाराबाहेर काढूं नका म्हणून सांगितलें, तरी त्यांनीं काढल्याच. मुलानें त्यांच्यापुढें सात चित्रें मांडलीं. त्यांतलें भट्टीच्या जाळाचें चित्र आम्हां सर्वांस फार आवडलें होतें. अंधारांत लाल झालेला तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढें आहे. बाबांनीं तें एकदां पाहून बाजूला सारलें. मुलगा जें चित्र फिकें म्हणून टाकून देण्याच्या बेतांत होता, तेंच त्यांनीं उचललें. त्यांत चेहरा नाहीं, जाळ नाहीं. अर्धवट झालेला हंडा उपडा ठेवलेला आणि त्यावर ढगाळ दिवसाचा सपाट उजेड. त्याच्या पोटावरून बोट फिरवीत त्यांनीं विचारलें, "हाऊ जोड देखा. दिखस का?"

आम्हांपैकीं कोणालाही तो दिसला नाहीं. नातवानें सुद्धां दोनदां पाहिलें.

बैठकीचा कौल घेतला तेव्हां फलकावर भट्टीचेंच चित्र लागलें. माझेंही मत त्यालाच पडलें. फिक्या चित्राची मोठी प्रत मुलानें धुळ्याहून काढून आणली, ती आतां बाबांच्या दुकानांत ऐरणीमागच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक आलें कीं ते त्याला जोड शोधावयास सांगतात.