नाणे पेटीत, बियाणे शेतात

७ ऑगस्ट २०२५ रोजी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त नवी दिल्लीत स्मारक नाण्याचे प्रकाशन झाले. नाण्यांवर शेतीला स्थान देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’ आणि १९७३ मध्ये ‘अधिक अन्न पिकवा’ या घोषणा कोरलेली चांदीची नाणी निघाली. टंचाईच्या त्या काळात ती हाक रास्तच होती. पण त्याच वाटचालीत अनेक स्थानिक वाण शेतातून हद्दपार झाले. हा धोका स्वामिनाथन यांनी १९६८ मध्येच वाराणसीच्या विज्ञान काँग्रेसमध्ये बोलून दाखवला होता.

पुढे १९८८ मध्ये त्यांनी चेन्नई येथे संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर टॅपिओकाच्या लागवडीपुढे नाचणी, वरी, राळा ही पिके मागे पडत होती. प्रतिष्ठानने तेथील आदिवासी शेतकऱ्यांसह बियाणे जतन, प्रक्रिया आणि विक्री यांची सांगड घातली. आपल्याकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी याच वाटेने बीजबँक उभी केली.

प्रादेशिक निसर्गवारशाचा गौरव करणारी चांदीची नाणी अवश्य निघावीत. तथापि नाणे आणि बियाणे यांचा धर्म वेगळा आहे. स्मारक नाणे पेटीत ठेवल्याने टिकते. शेतकऱ्याघरचे बियाणे काही वर्षे पेरलेच नाही, तर त्याची उगवणशक्ती हरपते. म्हणून गौरवाला निधीची जोड हवी. टांकसाळी स्मारक नाणी दर्शनी मूल्याहून अधिक किमतीस विकतात. निसर्गवारशावरील नाण्यांच्या या विक्रीतील ठरावीक वाटा, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जनुक निधीकडे वळवावा आणि तो वाण जपणाऱ्या गावांपर्यंत पोहोचावा. नाण्यावर केवळ कणसाचे चित्र नको. आंबेमोहोर, आजरा घनसाळ अशी वाणाची नावेही कोरली जावीत.

तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. याच कायद्यान्वये शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी विनाशुल्क करता येते. खरिपापूर्वी प्रत्येक गावातील जुन्या वाणांची व ते राखणाऱ्या कुटुंबांची यादी करून कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने अर्ज भरून घ्यावेत. नाव नोंदले गेले, तरच त्या कुटुंबाचा हक्क उद्या सांगता येईल.