तपकिरी अंडं, पांढरं अंडं आणि शाळेतलं अंडं

गेल्या महिन्यात रोशन गेटजवळच्या एका किराणा दुकानात अंडी घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे कॉलेजातला एक मुलगा होता. दुकानदाराने त्याच्यासमोर सहा तपकिरी अंड्यांचा डबा ठेवला. "ये ले लो भाई, इसमें ताकद जादा है." मुलाने शंभराची नोट काढून दिली. त्याच दुकानात पांढरं अंडं सात रुपयांना होतं. त्याला सांगावंसं वाटलं, पण तेव्हा गप्प बसलो.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरं अंडं घालते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. आत दोन्हीकडे साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७० कॅलरी. बलक गडद पिवळा दिसतो तो खाद्यामुळे. मका किंवा झेंडूचा अर्क खाऊ घातला की रंग येतो. गावरान अंड्याची चव आवडत असेल तर खुशाल घ्या, मलाही आवडते. पण ताकदीच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. त्या शंभर रुपयांत चौदा पांढरी अंडी आली असती.

दुकानात बघायचं ते वेगळंच. तडा गेलेलं अंडं घेऊ नका. मे महिन्यात दारात उन्हात मांडलेला ट्रे दिसला, तर पुढच्या दुकानात जा. शंका आली की घरी पाण्यात टाका. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, कारण दिवस जातात तशी आतली हवेची पोकळी वाढते. आणि अम्मी करते तसं आणल्या आणल्या सगळी अंडी धुऊन ठेवू नका. कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो. वापरायच्या वेळी धुवा.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त भीती कोलेस्टेरॉलची. माझ्या वयाचे, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारे मित्र बलक काढून फेकतात. एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५च्या आवृत्तीत काढून टाकली. निरोगी माणसाला रोजचं एक अंडं चालतं. अब्बांना शुगर आहे, त्यांचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलंय. तुमच्या घरीही तसंच करा. खरी गडबड अंड्यासोबत काय जातं त्यात आहे. सहरीत डालड्यात तळलेला पराठा आणि तेलात पोहणारी भुर्जी खायची, आणि दोष अंड्याला द्यायचा! जिमवाल्या भावांनो, दुधात कच्चं अंडं फोडून पिणंही बंद करा. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय साल्मोनेलाचा धोका फुकटात.

हे सगळं ज्याच्या खिशात सात रुपये आहेत त्याच्यासाठी झालं. माणशी वर्षाला १८० अंडी असावीत असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं. २०२३-२४ मध्ये देशात माणशी १०३ अंडी उपलब्ध होती. ती कुणाच्या ताटात गेली आणि कुणाच्या नाही, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. विरोध झाला, निवेदनं गेली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी बंद केला आणि अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. वाचलेली रक्कम वर्षाला सुमारे ५० कोटी. उदगीर ओलांडून बीदरला जा. तिथल्या सरकारी शाळेत आठवड्याला सहा दिवस अंडं मिळतं. अझीम प्रेमजी फाउंडेशनने त्यासाठी कर्नाटकाला तीन वर्षांत १५०० कोटी रुपये द्यायचा करार २०२४ मध्ये केला. आपल्याच राज्यात आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी दिली जातात, अब्दुल कलामांच्या नावाच्या अमृत आहार योजनेतून. कलामसाहेब स्वतः शाकाहारी होते. त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

याला कुणी 'मुस्लिमांचा प्रश्न' म्हटलं की मी वैतागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत जेवणाऱ्या पोरांत आपली आहेत, दलितांची आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्यांचीही आहेत. ज्यांची मुलं ते जेवण जेवतच नाहीत, त्यांच्या निवेदनांना इतकं वजन का?

आमच्या गावाकडच्या शाळेत शंभरेक मुलं आहेत. आठवड्याला एक अंडं म्हणजे सातशे रुपये. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, दोन महिने वर्गणी जमली, मग आटली. मी आणि दोन मित्रांनी या वर्षापुरते पैसे भरलेत. पण हे आमचं काम नाही, सरकारचं आहे, हेही शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घेतलंय. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली आहे. तुमच्या गावच्या समितीची बैठक कधी आहे, विचारून ठेवा.