गोदामातील दिवा आणि यत्नाचार



माण तालुक्यात पाऊस हात राखून येतो, ऊन मात्र मुबलक. त्यामुळे दहिवडी, म्हसवड परिसरातील व्यापारी बांधवांनी गावाबाहेरच्या गोदामावर लहानसे सौर पॅनेल बसवून दिव्याची सोय करावी, हे स्वाभाविकच आहे. वीजजोडणी नको, बिल नको. परंतु गोदामात गॅस सिलिंडर, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर असेल, तर थोडा विचार अवश्य करावा.

‘बारा व्होल्टने काय होणार?’ असे सहज म्हटले जाते. माणसाला धक्का बसत नाही हे खरे. ठिणगीला मात्र तेवढे पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळताच जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 ते 9 टक्के झाले, की बटणाची किंवा ढिल्या जोडाची ठिणगीही पुरेशी ठरते. शिवाय ऊन असेतो पॅनेल बंद होत नाही. बटण बंद केले तरी पॅनेलपासून बटणापर्यंतच्या तारेत वीज असतेच. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तोही हवेत 4 टक्के झाला की पेटू शकतो.

म्हणून सौरऊर्जा वर्ज्य ठरत नाही. 1974 साली तेल सापडलेल्या बॉम्बे हाय येथे, भर समुद्रातील मनुष्यविरहित मंचांवर उपकरणांना सौर पॅनेलच वीज पुरवते. मात्र तेथील साधने धोक्याचे क्षेत्र ओळखून निवडलेली असतात. ज्वालारोधक पेटीत आतला स्फोट आतच जिरतो; दुसऱ्या प्रकारात विजेची शक्तीच इतकी अल्प ठेवतात, की ठिणगीने वायू पेटू नये.

आपण तीन गोष्टी पाळाव्यात. पॅनेल, नियंत्रक, बॅटरी आणि बटण धोक्याच्या क्षेत्राबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे. आत केवळ मान्यताप्राप्त ज्वालारोधक दिवाच लावावा. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची, मान्यता पाहूनच खरेदी करावी. आणि परवान्याच्या नकाशात नसलेली जोडणी परस्पर करू नये. दुर्घटनेनंतर विमा कंपनी प्रथम तेच तपासते, आणि मालावर कर्ज असेल तर तेही डोक्यावर राहते.

बाजारातील साधा दिवा स्वस्त पडतो, हे मान्य. पण अंधारात सिलिंडर उचलणारा हमाल आपल्या विश्वासावर आत जातो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येची गणना अनर्थदंडात केली आहे. निष्काळजीपणाने निष्कारण जीवहानी ओढवून घेणे, हाच त्याचा आशय. पाणी गाळून पिणाऱ्या श्रावकाने गोदामाची तारही तितक्याच यत्नाचाराने पाहावी. येत्या अष्टमी-चतुर्दशीस दुकान लवकर बंद होईल. तेव्हा एकदा दिवसाउजेडी गोदामात जाऊन बॅटरी कोठे ठेवली आहे, एवढे तरी पाहून यावे.