सरासरी कोणत्या काळाची?

कोठारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. कोरड्या प्रदेशासाठी त्यात १६ द्रोण हे प्रमाण दिले असून अपरान्ताचा, म्हणजे कोकणपट्टीचा पाऊस ‘अमित’ म्हटला आहे. विशेष म्हणजे ग्रंथकार केवळ प्रमाण देऊन थांबत नाही. पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडला तर वर्ष उत्तम, असे तो सांगतो. किती पडला याइतकेच कधी पडला, यालाही तेथे महत्त्व आहे. आज मात्र सरकारी दप्तरे आणि वृत्तपत्रांचे मथळे एकाच शब्दाभोवती फिरतात : सरासरी.

ही सरासरी कोणत्या काळाची, हे सहसा कोणी विचारत नाही. हवामान खाते ५० वर्षांच्या नोंदींवरून ती काढते आणि दर दशकाने हा कालखंड पुढे सरकतो. १९५१-२००० च्या नोंदींनुसार देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची सरासरी ८९ सेंटिमीटर होती. १९६१-२०१० नुसार ती ८८ झाली आणि एप्रिल २०२२ पासून, १९७१-२०२० च्या आधारे, ८७ आहे. ओल्या व कोरड्या कालखंडांचे नैसर्गिक आवर्तन हे खात्याने या घटीचे कारण सांगितले. तेव्हा सारा दोष तापमानवाढीच्या माथी मारणे उतावीळपणाचे ठरेल. परंतु परिणाम चुकत नाही. ८४ सेंटिमीटर पाऊस ८९ च्या मापाने सुमारे ९४ टक्के, म्हणजे ‘सामान्याहून कमी’ ठरतो. ८७ च्या मापाने तोच सुमारे ९७ टक्के, म्हणजे ‘सामान्य’! शेतात पडलेले पाणी तेवढेच. बदलला तो शेरा.

नद्यांच्या बाबतीत हाच प्रश्न राज्याराज्यांतील तंट्याचा होतो. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवादाने १९७३ मध्ये १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांचा प्रवाह पाहिला आणि शंभरातील ७५ वर्षे हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली. तेव्हा त्याच विश्वासार्हतेचे पाणी २१७३ टीएमसी निघाले. फरक ११३ टीएमसीचा, कोयनेच्या १०५ टीएमसी साठ्याहून मोठा! नदी तीच, हिशेबाला घेतलेली वर्षे वेगळी.

भरीस भर म्हणजे बदलत्या हवामानात सरासरी स्थिर दिसली तरी तिच्या आतला पाऊस बदलतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात मोसमी वाऱ्यांचे अभिसरण मात्र दुर्बळ होत गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडाले असताना मराठवाड्यात टँकर धावत होते. या दोन्ही दुःखांची बेरीज करून काढलेली सरासरी कोणाचे अश्रू पुसणार?

मग सरासरी बदलूच नये काय? तसे नव्हे. आजचा शेतकरी आजच्या हवामानात पेरणी करतो. त्याला शतकापूर्वीची कोष्टके उपयोगाची नाहीत. २०२० मध्ये मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर करण्यात आली, ती योग्यच होय. पण नवी सरासरी आज काय आहे ते सांगते आणि जुनी काय गमावले ते. म्हणून टक्केवारी प्रसिद्ध करताना तिचा कालखंड सोबत छापला जावा आणि जुन्या मापाशी तुलनाही दिली जावी. पाण्याचे वाटप ठरवताना अलीकडची कोरडी वर्षे आणि धरणाचा सांडवा आखताना अलीकडची अतिवृष्टी स्वतंत्रपणे तोलली जावी. एकाच आकड्यावर दोन्ही कामे भागवणे म्हणजे तहान आणि पूर एकाच मापाने मोजणे होय.

माप बदलावे लागले तर अवश्य बदलावे. ते बदलल्याचे मात्र लपवू नये. कोठारातल्या कुंडाचे तोंड गुपचूप रुंद केल्याने दुष्काळ हटत नाही. तो केवळ कागदावरून नाहीसा होतो.